सरी उचलली

वर्ग बंद झाल्याचं आम्हाला मंगळवारी दुपारी कळलं. बायको जाऊन तोवर चौऱ्याहत्तर दिवस झाले होते.

मी बांधावर पोती शिवत होतो. टोळीत माझं काम तेवढंच. बायका सरी उकरतात, बटाटे वेचतात, पाट्या पोत्यात ओततात आणि मी दाभणाने पोत्याचं तोंड शिवून वजनाला लावतो. वसाहतीत मला दाभणच म्हणतात. सतरा वर्षांपूर्वी खाण पसरत पसरत आमच्या गावापर्यंत आली. गाव उठवलं आणि इथे माळावर आणून बसवलं. एका रांगेत चौदा खोल्या, अशा सहा रांगा. जमीन मिळाली ती मुरमाड. तेव्हापासून आम्ही दुसऱ्यांच्या शेतात राबतो.

इंग्रजी शिकवणाऱ्या बाई ढेकळांतून सायकल हातात धरून येत होत्या. त्या माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. रोज शहराकडून पाच किलोमीटर यायच्या आणि संध्याकाळी काम सुटलं की पत्र्याच्या शेडमध्ये दीड तास शिकवायच्या. एक संस्था त्यांचा पगार द्यायची. फळा, पुस्तकं, वह्याही संस्थेच्याच.

टोळीची मुकादमीण म्हणजे माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. तिने लांबूनच ओरडून विचारलं, "बाई, आज इतक्या लवकर? अभ्यास झाला नाही आमचा. मारायचंच असेल तर पाठीवर मारा, कंबर कामाची आहे."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सायकल बांधाला टेकवली आणि पिशवीतून कागद काढला.

"संस्थेचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "वर्ग बंद करताहेत. शनिवारी गाडी येईल सामान न्यायला."

"का?" मेहुणीने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "अकरा नंबरमुळे," त्या म्हणाल्या.

अकरा नंबर म्हणजे माझी बायको.

आमच्या टोळीत सरी उचलायची रीत आहे. एकेकीला एक सरी ठरलेली असते. एखादी आजारी पडली, बाळंतपणाला बसली, तर बाकीच्या तिची सरी वाटून घेतात आणि मस्टरवर तिचा दिवस पूर्ण लागतो. एखादी वारली तर हंगाम संपेपर्यंत तिची सरी उचलतात आणि मजुरी तिच्या घरी पोचते. जुन्या गावातही असंच होतं. कोणी उपकार केल्यासारखं बोलत नाही. अट एकच, काम खरंच झालं पाहिजे. सरी न उकरता दिवस लावला तर ती बाई टोळीतून बाहेर.

माझी बायको लागवड उरकली त्या आठवड्यात गेली. कावीळ झाली, दवाखान्यात अकरा दिवस काढले, संपली. दुसऱ्या दिवसापासून तिची सरी उचलली गेली. शेतातली उचलली तशी वर्गातलीही उचलली. ती सोडून वर्गात एकोणीस जणी, त्यातल्या सोळा टोळीतल्याच. एकेकीने पाळी लावून घेतली. जिची पाळी असेल ती वर्गाच्या हजेरीत अकरा नंबरपुढे सही करायची आणि तिच्या वहीत त्या दिवसाचा अभ्यास लिहायची. आपला लिहून झाल्यावर तो पुन्हा लिहायचा. दर शनिवारी मेहुणी मजुरीचे पैसे आणि वही माझ्या हातात आणून द्यायची, सोमवारी वही परत न्यायची. मला इंग्रजी येत नाही. पण अक्षर कळतं. पहिल्या चाळीस पानांवर बायकोचं अक्षर, पेन इतकं दाबून लिहिलेलं की पानाच्या मागून बोट फिरवलं तरी लागतं. पुढे प्रत्येक पानावर निराळा हात.

आठ-दहा दिवसांपूर्वी संस्थेचा तपासणीस आला होता. सभ्य माणूस, पोत्यावर बसून चहा घेतला. मग हजेरीपत्रक उघडून एकेक नंबर पुकारला आणि धडा वाचायला लावला. अकरा नंबर पुकारला तेव्हा कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारला. तेव्हा मेहुणी उठली आणि न अडखळता सगळा धडा वाचून दाखवला.

"तुमचा तर नंबर चार ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग अकरा कोण?"

"माझी बहीण."

"कुठे आहेत त्या?"

"वारली."

त्याने पत्रकावर बोट ठेवलं. "ही कालची सही कोणाची?"

"काल माझी पाळी होती," मेहुणी म्हणाली. वजनकाट्यावर पोत्यांचा आकडा सांगावा तितक्या सहज म्हणाली.

त्याने पेन खिशात अडकवलं. निघताना सगळ्यांना नमस्कार केला. आम्हाला वाटलं, समजलं त्याला.

मंगळवारी बाईंनी पत्र वाचून दाखवलं त्यावरून कळलं की त्याला काय समजलं होतं. वीस माणसं असली तरच संस्था वर्ग चालवते. एकोणीस झाली तर बंद. पत्रात लिहिलं होतं की, संख्या भरावी म्हणून मेलेल्या बाईला हजर दाखवलं.

बायका सरीत उभ्या होत्या. कोणाच्या हातात खुरपं, कोणाच्या डोक्यावर पाटी. वारा खाणीकडून येत होता, त्यात नेहमीसारखी काळी धूळ होती. मेहुणी म्हणाली, "वीसचं आम्हाला कोणी सांगितलं होतं?"

बाईंनी कागद पिशवीत ठेवला. सायकल उचलताना माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला म्हटलं होतं."

मी दाभणात सुतळी ओवत होतो. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दारात बसून दगडाने नखांतली माती काढत होती. हायवेवरच्या शीतगृहात आवक लिहून घ्यायची जागा निघणार आहे. तिथे सगळ्या चिठ्ठ्या, पाट्या, यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत असतात. वर्ग पुरा केल्याचा दाखला असेल तर परीक्षेला बसता येतं. दाखल्याला तीन महिने राहिले होते. परीक्षा पास झाली तर तिला वाकून काम करावं लागणार नव्हतं. तिच्या आईची कंबर तिसाव्या वर्षीच गेली होती, हे तिने पाहिलेलं होतं.

"बाबा, बाईंनी तुम्हाला वर्गात येऊन बसायला सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

"आई गेली त्याच्या पाचव्या आठवड्यात."

"वीसचं पण सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मी गेलो नाही."

तिने दगड खाली ठेवला. "का?"

"पोती असतात," मी म्हणालो.

"पोती पाचला संपतात. वर्ग साडेपाचला असतो."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती उठली, पाटी घेतली आणि माझ्यासाठी न थांबता कामावर गेली. रोज आम्ही बरोबर जायचो.

खरी कारणं दोन होती. एक म्हणजे चहाच्या टपरीवरचे लोक. वर्गात सगळ्या बायका आणि पोरी. दाभण पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघाला, हे मला पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. दुसरं, बाईंनी मला शेडमध्ये नेऊन जागा दाखवली होती. खांबाजवळची सतरंजी. "इथे बसा काका, पाठ टेकायला बरं पडेल," त्या म्हणाल्या. बायको तिथेच बसायची, तिलाही पाठ टेकावी लागायची म्हणून. बाई चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. मी बघू म्हणालो आणि निघून आलो. टोळीला काही सांगितलं नाही. सरी उचलली जातेय तोवर सगळं चाललंय, असं मला वाटत होतं.

बायको इंग्रजी का शिकत होती तेही लिहितो. जुन्या घराच्या दारावर खाणवाल्यांनी इंग्रजीतला कागद चिकटवला होता. त्या कागदाखालून तिने तीन दिवस पाणी आणलं, स्वयंपाक केला. ज्याला त्याला विचारलं, हा कागद काय म्हणतो. एक म्हणाला, माणसं मोजायला येणार आहेत. चौथ्या दिवशी यंत्र आलं. हरकत घ्यायची मुदत त्याच कागदात लिहिलेली होती, ती आदल्या संध्याकाळी संपली होती. तो कागद तिने ट्रंकेत ठेवला. वर्ग सुरू झाला तेव्हा मला म्हणाली, "मी तो वाचणार आहे. आता काही उपयोग नाही, माहीत आहे. तरी वाचणार." चार ओळी वाचून झाल्या होत्या.

गुरुवारी मी आणि मेहुणीने खाडा केला आणि संस्थेच्या कचेरीत गेलो. ट्रॅक्टरने हायवेपर्यंत, तिथून बस. वही मी धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून घेतली होती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. फरशी इतकी पांढरी की आमच्या पावलांची माती लगेच दिसली. मेहुणी वाकून पदराने पुसायला लागली तशी झाडणारी बाई म्हणाली, "राहू द्या हो, माझी भाकरी आहे ती."

अकराला गेलो, तीनला बोलावलं. मधल्या वेळात मेहुणीने भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. कुठे थुंकू नये, कुठे मुतारी, कुठे जिना. "सगळं इंग्रजीत लिहिलंय," ती म्हणाली. "थुंकणारा काय शिकून येणार आहे का?"

आतल्या मोठ्या बाई पन्नाशीच्या होत्या. बसा म्हणाल्या. आम्ही बसलो. मेहुणीने सरी उचलण्याची रीत सांगितली. मोठ्या बाईंनी मध्ये न बोलता ऐकलं. मग मी फडकं सोडून वही समोर ठेवली.

त्यांनी पानं उलटली. बराच वेळ उलटत राहिल्या.

"हा सगळा अभ्यास त्या गेल्यानंतरचा?"

"चाळिसाव्या पानानंतरचा," मी म्हणालो.

"कुठे चुकलं असेल तर खूण करा," मेहुणी म्हणाली. "नीट करून देऊ."

त्यांनी वही मिटली. "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पैसे देणारे लांबच्या देशात बसलेत. त्यांच्याकडे ही वही जात नाही, आकडे जातात. तुमच्यासारख्या उठवलेल्या एकशे चाळीस वसाहती आमच्या यादीत आहेत. पैसे आहेत तीस वर्गांचे. एका वर्गाच्या हजेरीत गडबड निघाली की बाकीच्या एकोणतीस वर्गांकडे बोट दाखवतात."

ते खरं होतं. मी मान हलवली.

"तुम्ही नव्याने अर्ज करा," त्या म्हणाल्या. "मी शिफारस करते. आधीचे महिने धरायला लावते, म्हणजे दाखला अडणार नाही. पण वीस नावं लागतील, आणि ती वीसही माणसं जिवंत असली पाहिजेत." हे म्हणून त्या स्वतःच ओशाळल्या. "आणि या कागदावर वीस जणांच्या सह्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

कागद इंग्रजीत होता. त्यांनी मराठीत सांगितला. मृत व्यक्तीची खोटी हजेरी लावली, हे आम्हाला मान्य आहे. पुन्हा असं करणार नाही.

"खोटी काढा त्यातलं," मेहुणी म्हणाली.

"छापील कागद आहे तो."

"चुकलो म्हणून लिहून देते. पाहिजे तर चार वेळा लिहिते. खोटी नव्हती ती. आमचं पोतं उघडून बघा तुम्ही. वर बटाटा आणि खाली माती निघाली तर खोटं म्हणा."

"मावशी, हे मी बदललं तर तुमचा अर्ज या टेबलाच्या पुढे जाणार नाही. आणि नाही गेला तर नुकसान पोरींचं आहे."

मेहुणीने कागदाची घडी करून कंबरेला खोचली. आम्ही उठलो.

बसमध्ये खिडकीजवळ ती बसली. अर्धा रस्ता बाहेरची शेतं बघत होती. मग म्हणाली, "दाजी, तुम्ही बघायला आलात तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, हा माणूस तोंड शिवलेलं पोतं आहे. आत काय भरलंय ते कळायचं नाही."

तेव्हा मी तिला सांगितलं. बाईंनी बोलावलं होतं, वीसचं सांगितलं होतं, जागासुद्धा दाखवली होती, सगळं सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे ताईसारखे आहेत. मी समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत बसलो.

"आम्ही सोळा जणी तिची सरी उचलत होतो," ती म्हणाली. "नवरा असून तुम्ही काय उचललंत?"

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. मेहुणीने त्याला विचारलं, "तुम्हाला काही पाहिजे?" तो पुढे बघायला लागला. वसाहतीचा फाटा आला. उतरताना मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला.

शनिवारी गाडी आली. फळा मीच खांबावरून सोडवला, कारण खिळे मी मारले होते. शेवटचा धडा त्यावर अर्धा लिहिलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, पुसून द्या, खडू सांडला तर सीट खराब होते. लेकीने ओढणीच्या टोकाने पुसला. सतरंज्यासुद्धा संस्थेच्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं.

रविवारी दुपारी भाकरीच्या सुट्टीत मेहुणीने कागद काढला आणि बांधावर पसरला. उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार बटाटे ठेवले. काय लिहिलंय ते सांगितलं. बराच कालवा झाला. एक म्हणाली, मी सही करणार नाही, मेलेल्या बाईच्या तोंडावर चोर म्हणायचं का? दुसरी म्हणाली, तिचा अभ्यास मी अंगात ताप असताना लिहिलाय, आणि आता तो खोटा म्हणू? सगळ्यात म्हातारीने विचारलं, सही केली नाही तर काय होईल? वर्ग होणार नाही, असं मेहुणीने सांगितलं. म्हातारी म्हणाली, मला आता कुठे बसवरची पाटी वाचता यायला लागली होती.

मेहुणीने हात साडीला पुसले. कागद मांडीवर घेतला आणि पहिली सही तिनेच केली. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात.

"मावशी, तू?" लेक म्हणाली. "तूच तर नाही म्हणत होतीस."

"अजूनही नाहीच म्हणते. पण मला वर्ग पाहिजे. ताई असती तर आधी मला शिव्या घातल्या असत्या आणि मग सही केली असती. घे, धर."

लेकीने पेन घेतलं. सही करायला तिला वेळ लागला. करून झाल्यावर उठून सरीच्या पार टोकाला गेली आणि तिथून पाठमोरी उकरायला लागली. सुट्टी संपायला अजून अवकाश होता.

मंगळवार संध्याकाळपर्यंत टोळीतल्या बायकांच्या आणि बाकीच्या तिघी पोरींच्या घरी फिरून सगळ्या सह्या झाल्या. मेहुणी माझ्या दारात आली. आत आली नाही. शिकणाऱ्यांची नवी यादी आणि तो कागद, दोन्ही माझ्या हातात दिले. यादीत नंबर तेच ठेवले होते. अकराच्या पुढची जागा कोरी होती.

"बसणार का?" तिने विचारलं.

"बसेन," मी म्हणालो.

"लोक हसतील."

"हसू देत."

"मग लिहा नाव. आणि सही करून बाईंकडे द्या, त्या शहरात जाऊन देतील." ती वळली. चार पावलं गेली आणि न थांबता म्हणाली, "हंगामाचे नऊ दिवस राहिलेत. तिची सरी चालू आहे. मजुरी शनिवारी आणते."

आज बुधवार. लेक सकाळी कामावर गेली. जाताना तिने पेन कागदाशेजारी ठेवलं. मी आज पोती शिवायला गेलो नाही. यादी समोर घेतली आणि अकरा नंबरपुढे माझं नाव लिहिलं. ते अवघड गेलं नाही. मग दुसरा कागद घेतला. वही उघडून बघितली, पुन्हा मिटली. तिच्या अक्षराची पानं आणि बायकांच्या अक्षराची पानं एकाच दोऱ्यात शिवलेली आहेत. त्यातली कुठली खोटी, हे मला अजून कळलेलं नाही, आणि न कळता सही करायची आहे.

मुदत परवा संपते. एकोणीस सह्या झाल्या आहेत. माझी राहिली आहे.